आजेसासूची गोफण

भाकरी आणायला उशीर झाला, एवढंच निमित्त. नवऱ्याने माझे केस मुठीत धरून मला उभ्या ज्वारीतून फरफटत नेलं आणि मचाणाखाली पाडून पोटात लाथ घातली. तोंडातली माती रक्ताने भिजली. वर मचाणावर सासू पाखरं हाकत होती.

तिच्या हातात आजेसासूने अंबाडीच्या वाखाची वळलेली गोफण होती. आमच्या घरात नवी सून आली, की तिने गोफणीचा झिजलेला एक पेड काढायचा आणि स्वतः वळलेला घालायचा. माझा पेड अजून नवा, पांढरा दिसतो. घरची शिस्त एकच, दगड पाखराच्या बाजूने सोडायचा. "त्याला लागता कामा नये, नुसतं उठलं पाहिजे," असं सासूने मला पहिल्याच सुगीत बजावलं होतं.

नवऱ्याने विळा उचलला. "आज तुझी खांडोळीच करतो!"

गोफण गरगरली. दगड सणसणत आला आणि त्याच्या कानशिलावर बसला. विळा हातातून सुटला. तो तोंडघशी पडला आणि कण्हायला लागला. कानामागून रक्ताची धार लागली होती.

सासू शिडीवरून उतरली. मी कशीबशी उठून बसले. "आत्याबाई, नेम चुकला का हो?"

लेकाकडे बघतच तिने गोफणीत दुसरा दगड घातला आणि गोफण माझ्या हातात दिली.

"नाही गं. चुकला तो ह्याच्या बापाच्या वेळी. तेव्हा मी बाजूनं सोडला होता."