अंगठ्याची शिफारस

विद्यापीठाच्या तरुण संशोधक मंडळासाठी आम्ही नावं निवडत होतो. आचलचा अर्ज सगळ्यांना आवडला, पण दुसऱ्या शिफारसपत्रावर सहीऐवजी निळा अंगठा होता. नागभीडच्या तलावावर मासे धरणाऱ्या डोमानं ते लिहवून घेतलं होतं: "पोट्टी आमच्यासंग डोंग्यात बसते. मासोळीचं नाव पुसते, लिवते, मंग तिले पान्यात सोडते. असं कोनी करत नाई." अध्यक्ष हसले नाहीत. "शिफारस तज्ज्ञाचीच लागते. हे तज्ज्ञ कशावरून?" मी म्हणालो, "सर, मला मासे यांनीच शिकवले. माझी पीएचडी यांच्याच डोंग्यात झाली." "मग अडचणच नाही," अध्यक्ष खुश झाले. "तुमच्या प्रबंधात त्यांचं नाव दाखवा, लगेच मान्य करतो." शिपायानं ग्रंथालयातून प्रबंध आणला. मी आभाराचं पान उघडलं. प्राचार्य, मार्गदर्शक, टंकलेखक, सासरे, सगळ्यांची नावं होती. शेवटची ओळ होती: "एक स्थानिक मच्छीमार."