पांढरा पट्टा

तीस वर्षं नवऱ्याच्या कॉलरी तिनं हातानं घासल्या. तो मात्र रोज कॉलरवर बोट फिरवून नाक मुरडायचा, "अजून पिवळटच आहे."

निवृत्तीनंतर त्यानं हौसेनं जुनी मोटार घेतली. टायरवाला म्हणाला, "काका, पांढऱ्या पट्ट्याचे टायर झोकात दिसतात, पण मळतात फार. पट्टा हातानंच घासावा लागतो." नवऱ्याचं काही ठरेना. जन्मात पहिल्यांदा त्यानं तिला विचारलं.

"पांढऱ्या पट्ट्याचेच घ्या. तुम्हाला स्वच्छतेची केवढी आवड," ती म्हणाली.

रविवारी दोन तास उकिडवं बसून त्यानं चारही टायर घासले आणि कंबर धरून उठला. ती चष्मा पुसत आली, वाकली, पट्ट्यावरून सावकाश बोट फिरवलं.



"अजून पिवळटच आहे."