कपबशी

मुलुंडला हरेश्वरच्या घरी त्याचा जुना रॉक बँड जमला होता. केस पिकल्यावर, शहाऐंशी साली, त्यांची नवी रेकॉर्ड निघाली आणि शिलाँग, कलकत्त्याचा दौरा ठरला. "तिसऱ्या गाण्यात तुझी गिटार काय थरथरते रे," ड्रमवाला दशरथ म्हणाला. "दौऱ्यात रोज तश्शीच पाहिजे." "जादू आपली," हरेश्वर हसला. हात त्यानं मांडीखाली दाबले होते. सहा महिने मंजुळा नवऱ्याला पेल्यात अर्धाच चहा देत होती, सांडू नये म्हणून. स्टेजवर फजिती होण्याआधी मित्रांना कळायला हवं होतं. तो मेला तरी सांगणार नव्हता. आज तिनं काठोकाठ भरलेली कपबशी त्याच्यापुढं धरली. सगळ्यांसमोर त्यानं ती घेतली. कप बशीवर वाजू लागला. दशरथनं तिसऱ्या गाण्यातला तोच ताल ओळखला, हसत टेबलावर बोटं वाजवली. मग बोटं थांबली. हरेश्वर पुटपुटला, "पेला नव्हता का गं?"