दारातली बाई

डोणगावच्या आमच्या क्लासात वेबसाइट शिकायची रीत एकच: आधी दुसऱ्याच्या साइटमधली चूक चिठ्ठीवर लिहायची, मग स्वतःची तोंडानं सांगायची.

मी आईच्या शिवणकामाच्या दुकानाची साइट केली. फोटोत नुसतं उघडं दार होतं. सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच चूक आली: दारातली बाई काढ.

थट्टा असेल असं वाटलं, तरी मी फोटो बदलला. चिठ्ठ्या आल्या: बाई जवळ आली.

मग मी फोटो, अक्षरं, सगळंच पुसलं. स्क्रीन पांढरी झाली.

"आता तुही चूक तूच सांग, मयुरी," सर म्हणाले.

"सर, मले तं काहीच दिसत नाही."

शेजारच्या जावेदनं खुर्ची मागं सरकवली.

"कसं दिसन? तिनं तुह्या डोळ्यांवर हात ठेवले ना."