सोळा गुलाबी बॉल

ड्रमाचं झाकण उघडलं आणि हरीओम मटकन खालीच बसला. आत पूल खेळायचे सोळाच्या सोळा बॉल एका रंगाचे झाले होते. पिवळा नाही, काळा नाही, पट्ट्यांचा नाही, पांढरासुद्धा नाही. सगळे लालगुलाबी.

केनवडला स्टँडजवळच्या एका गाळ्यात हरीओमचं पूलचं टेबल होतं. गावातली पोरं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता त्याच हातांनी बॉल लावायची, त्यामुळे पांढरा बॉल चहाच्या रंगाचा झाला होता. एरवी कोणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण आज दुपारी धनजहून जानराव येणार होते, आपल्या लेकीला, निकिताला घेऊन, पोरगा आणि पोराचा धंदा दोन्ही बघायला. निकिताचा फोटो पाहिल्यापासून हरीओमचं जेवणात लक्ष नव्हतं. त्यानं मोबाईलवर बॉल चमकवायचं मशीन पाहिलं होतं. त्यात बॉल टाकायचे, मशीन दहा मिनिटं गरगर फिरतं, बॉल लखलखीत होऊन बाहेर येतात. असलं मशीन केनवडात कुठून आणणार? घरी सोयाबीनच्या बियाण्याला औषध चोळायचा ड्रम होता, हातानं फिरवायचा. फिरायचं काम तर दोन्हीकडे सारखंच, असं त्याच्या हुशार डोक्यानं ठरवलं. मूठभर भुसा टाकला, साबणाचं पाणी ओतलं आणि पठ्ठ्यानं पाऊण तास हँडल मारलं. परवाच त्या ड्रममधून तीन बॅगा बियाणं काढलं होतं आणि औषधाचा रंग आत तसाच बसला होता, हे काही त्या डोक्यात आलं नाही.

मग सुरू झाली घासाघाशी. साबण झाला, लिंबू झालं, दात घासायची पेस्टही झाली. बॉलचा रंग तसूभर हटला नाही. उलट हरीओमचे हात मनगटापर्यंत गुलाबी झाले.

ते हात पाहून त्याच्या आईनं, प्रयागबाईनं, कपाळ बडवून घेतलं. बॉलचं तिला काही नव्हतं. याआधी चार ठिकाणी पोराचं जमता जमता फिसकटलं होतं, आणि चारही वेळा वावरापायी, शेतीपायी. वावरात राबणाऱ्याला पोरगी द्यायला कोणी तयारच नव्हतं. म्हणून या खेपेला तिनं निरोपातच ठासून कळवलं होतं, की आमचा पोरगा धंदेवाला आहे, वावराचं तोंडही बघत नाही. आणि हा दिवटा पाहुणे यायच्या दिवशी बियाण्याच्या औषधात हात रंगवून बसला होता. पाहुणे जाईपर्यंत हात खिशातून निघाले तर माझ्याशी गाठ आहे, असं तिनं त्याला बजावलं.

जानराव आले, खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं, की लेकीला कॉलेज शिकवलं, कधी उन्हात पाठवलं नाही, आणि वावरात जाणाऱ्याच्या घरी तर मुळीच द्यायची नाही. प्रयागबाईनं जोरजोरात मान हलवली. निकिता बाजूला बसली होती, जूनच्या त्या उकाड्यात ओढणी दोन्ही हातांभोवती गुंडाळून. चहाचा कपसुद्धा तिनं ओढणीतच धरला. फारच लाजाळू दिसते, असं हरीओमला वाटलं. फोटोपेक्षाही चांगली दिसते, असंही वाटलं. तिच्याशी दोन शब्द बोलावेत असं फार मनात होतं, पण पाहुण्यांपुढे खिशात हात घालून उभा राहिलेला माणूस बोलणार तरी काय? स्वतःचा चहा त्यानं घेतलाच नाही.

जानरावांनी टेबलाला एक चक्कर मारली आणि सगळे बॉल एकाच रंगाचे कसे, असं विचारलं. हरीओमनं ठोकून दिलं, की पुण्यात आता असेच चालतात, रंगावरून भांडणं होत नाहीत. जानरावांना ते चक्क पटलं. तिथंच थांबले असते तर काय बिघडलं असतं! पण त्यांनी खेळायची काठी उचलून हरीओमपुढे धरली. आम्हालाही एक डाव दाखवा, म्हणाले.

खिशात हात ठेवून काठी कशी धरणार? हरीओमनं आईकडे पाहिलं. आईनं छताकडे पाहिलं. शेवटी त्यानं हात बाहेर काढले.

जानरावांनी चाळीस पेरण्या केल्या होत्या. त्यांना ओळखायला वेळ लागला नाही.

"हे तं सोयाबीनच्या बियाण्याचं औषध हाय," ते म्हणाले. "तुमी तं सांगतलं, पोरगा वावरात जात नाही."

"जातो," हरीओम म्हणाला. आता लपवायला उरलं तरी काय होतं? "रोज जातो. टेबल फक्त संध्याकाळचं हाय."

जानरावांनी काठी टेबलावर ठेवली, टोपी घातली आणि लेकीला उठायची खूण केली. पाचवं ठिकाणही गेलं. हरीओमला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं होतं, आणि प्रयागबाईनं तर पदर डोळ्यांना लावलासुद्धा.

निकिता उठली. पण दाराकडे न जाता ती टेबलापाशी आली. त्या सोळा गुलाबी बॉलांकडे तिनं बराच वेळ पाहिलं, हसू दाबलं आणि सावकाश ओढणी सोडली. मग दोन्ही हात तिनं हिरव्या कापडावर, बॉलांच्या शेजारी ठेवले. मनगटापर्यंत गुलाबी.

आता जानरावांनी छताकडे पाहिलं.

"साबणानं नाही निघत," ती हरीओमला म्हणाली. "मी सकाळपासून घासून राह्यली. लग्नापर्यंत जाते आपोआप."