यानाच्या खिडकीबाहेर

अंतराळयानाच्या खिडकीमागं मी काळं कापड लावलं होतं. माझ्या आईच्या, म्हणजे याडीच्या, जुन्या घागऱ्याचे आरसे त्यावर शिवून तारे केले होते. ती १९९६ सालची विज्ञानमालिका. दिग्दर्शक म्हणून माझी पहिली, आणि तीच शेवटची ठरली. मालिका मध्येच गुंडाळली गेली, दुसरं काम कुणी देईना. मी मुंबई सोडून जवळा बाजारजवळच्या आमच्या तांड्यावर परतलो.

आधीच चित्रित झालेले भाग मात्र दर रविवारी लागत होते. त्या रविवारी सकाळी शेवटचा भाग लागला. याडी टीव्हीसमोर बसली, मी तिच्या मागं बाजेवर.

"प्रेमदास, दर रविवारी तू त्या खिडकीच्या भाईर उभा ऱ्हातो. काच बडवून ऱ्हातो. तुला कोणी आत काहून घेत न्हाई?"

"मी कॅमेऱ्यामागं असतो, याडी. खिडकीमागं नुस्ती भिंत हाय."

"मला माझं लेकरू वळखू येत न्हाई व्हय?"

पडद्यावर खिडकी आली. ताऱ्यांमध्ये मी उभा होतो. अंगात तोच निळा सदरा, जो मी आज सकाळीच घातला होता. दोन्ही तळव्यांनी काच बडवत होतो, काहीतरी ओरडत होतो. आवाज येत नव्हता.

तेवढ्यात लाईट गेली. पडदा काळा झाला.

आणि आमच्या दारावर थापा पडू लागल्या.

याडी लगबगीनं उठली. "आलं बाई माझं पोरगं!"

"याडी, मी हितं हाय!" मी ओरडलो. तिनं वळूनही पाहिलं नाही. तिला धरायला मी हात पुढं केले, तर तळवे गार काचेला लागले.

पलीकडं याडी दाराची कडी काढत होती.