तीनशे गाठी

चंपतराव मास्तरांचं जहाज त्यांनी स्वतः केलेलं नाही, अशी लेखी तक्रार गणपतरावांनी दिली, तेव्हा प्रदर्शनाचे चिटणीस गोपाळराव जरा वेळ कागदाकडेच बघत राहिले. दोघांची मैत्री साऱ्या पाचपावलीला ठाऊक होती.

"विचार करून दिली ना?" त्यांनी विचारलं.

"आठवडाभर केला," गणपतराव म्हणाले.

नियम साधा होता. प्रदर्शनातली वस्तू पहिल्या खिळ्यापासून शेवटच्या दोऱ्यापर्यंत स्वतःच्या हातची हवी. पहिलं आलेलं जहाज वाचनालयाच्या काचेच्या कपाटात कायमचं राहणार होतं, आणि गणपतरावांचा जीव त्या कपाटात अडकला होता. लाकडी जहाजांचं वेड या भागात त्यांनीच आणलं. एकोणपन्नास साली हातमाग विकून ते गिरणीत कापड तपासायला लागले. मागावर इकडून तिकडे धावणारे शिसवी धोटे घरात तसेच पडून होते. एकाचा आकार होडीसारखा दिसला म्हणून त्याला डोलकाठी लावली, आणि मग थांबणं झालंच नाही.

दर रविवारी त्यांच्या ओसरीवर चार-पाच हौशी जमत. समुद्र त्यांतल्या एकानेही पाहिलेला नव्हता, पण वाद असा घालत की जणू उद्या बंदर सोडायचं आहे. सागाच्या पट्ट्या वाकवायला गरम पाण्यात किती वेळ ठेवायच्या, सांध्यांत राळ भरायची की मेण, शिडाला मांजरपाट बरा की मलमल. गणपतराव हातचं राखून काही सांगत नसत. चंपतराव शाळेत ड्रॉइंग मास्तर, बायको वारल्यापासून एकटेच. त्यांना सगळं गणपतरावांनीच शिकवलं. एक गोष्ट मात्र त्यांना कधी जमली नाही, ती गाठ. डोलकाठीवर चढणाऱ्या दोराच्या शिड्यांना शेकडो बारीक गाठी लागतात, आणि मास्तरांच्या बोटांत नुसता गुंता होई.

गणपतरावांना गाठीचं काय कौतुक? कोष्ट्याच्या घरात तुटलेले धागे सांधतच मूल मोठं होतं. गिरणीत ते नुसत्या गाठीवरून कामगाराचं नाव सांगत. त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंचाही हात चांगला होता, पण त्या डावखुऱ्या. त्यांची गाठ उलटी पडे, टोक नको त्या बाजूला. माग होता तेव्हा व्यापारी लुगडं उलटून पाहत आणि हसून म्हणत, हे वहिनींचं. पहिल्या जहाजाची एक शिडी त्यांनी हौसेने बांधली, तेव्हा गणपतरावांनी चारचौघांत ती कात्रीने काढली आणि स्वतः पुन्हा बांधली. राहू द्या, असं मास्तर म्हणाले होते खरे, पण जहाजाला असलं चालत नाही. त्याला आता बरीच वर्षं झाली. अलीकडे तर वच्छलाबाईंना दिसायचंही कमी झालं होतं. सुईत दोरा ओवायला त्या शेजारणीला हाक मारत. रविवारी ओसरीवर मंडळी जमली की चहा देऊन त्या भजनाला निघून जात.

दोन वर्षांपासून चंपतरावही रविवारी येईनासे झाले होते. शिकवण्या आहेत, म्हणत. दिवाळीत मुंबईला जाऊन आले. आणि आता प्रदर्शनात त्यांचं तीन डोलकाठ्यांचं जहाज उभं राहिलं. शिड्या इतक्या ताठ आणि रेखीव की शेजारचं गणपतरावांचं जहाज ओबडधोबड दिसावं. ज्याला एक गाठ येत नाही, त्याने तीनशे कशा बांधल्या? जहाज मुंबईच्या दुकानातलं होतं, दुसरं काय. ज्याला घरचा माणूस समजून शिकवलं त्याने असं फसवावं, याचं गणपतरावांना दुःख झालं होतं, आणि दुःखाहून राग जास्त आला होता.

तक्रार देण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी जेवताना घरी सांगितलं. वच्छलाबाई वरण वाढता वाढता थांबल्या.

"मास्तरचं नाव काहून खराब करून राहिले तुमी? जाऊ द्या ना."

"म्या शिकवलं त्याले. मलेच फसवते तो."

 वच्छलाबाईंनी वरणाची वाटी अर्धीच भरली.

गोपाळरावांनी चंपतरावांना बोलावून घेतलं. मास्तरांनी तक्रार वाचली आणि घडी करून परत दिली. आपलं नाव यादीतून काढा, बक्षीस नको, जहाज आत्ताच घरी नेतो, एवढंच ते म्हणाले. गोपाळरावांना सुटल्यासारखं वाटलं. पण गणपतराव ऐकेनात. दुकानातला माल आहे हे कागदावर आलं पाहिजे, त्याशिवाय आपण हलणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि खिशातून गिरणीतलं भिंग काढलं.

"भिंग नका लावू, गणपतराव," चंपतराव हळूच म्हणाले. "हात जोडतो तुमाले."

ते ऐकून गणपतरावांना बरंच वाटलं. चोर सापडला होता.

ते वाकले. पहिली गाठ पाहिली, मग तिच्या वरची. मग दुसऱ्या शिडीकडे गेले, तिसऱ्या शिडीकडे गेले, आणि पुन्हा पहिलीवर आले. गोपाळराव टाक दौतीत बुडवून थांबले होते.

"काय लिहू? दुकानातलं?"

गणपतरावांनी भिंग खिशात ठेवायला घेतलं. दोनदा त्यांना खिसा सापडला नाही.

"तक्रार फाडून टाका," ते म्हणाले.

चंपतराव मान खाली घालून उभे होते. तीनशे गाठींत एकही सुलटी नव्हती.